'जनता' या नावाचे घड्याळ

बंगळूरच्या जुन्या पेठेत, अव्हेन्यू रोड आणि बी. व्ही. के. अय्यंगार रोड यांच्या परिसरात, रविवारी सकाळी दुकानांची दारे बंद असतात आणि त्या बंद दारांपुढे एक वेगळाच बाजार मांडला जातो. गोणपाटावर पसरलेले गंजके पाने, दात झिजलेल्या कानशी, मुठी निखळलेल्या पटाश्या, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून आलेला शेगडा, एखादा बिडाचा रंधा आणि त्याच गोणपाटाच्या कडेला जुन्या मनगटी घड्याळांची रास. नवखा माणूस अशा बाजारात नाव पाहतो. जाणता माणूस वस्तू उलटी करतो. रंध्याचा तळ डोळ्यांसमोर धरून तो सरळ आहे की नाही हे पाहतो, पाते काढून त्याचे पोलाद नखाने वाजवतो, पात्याखालची तिरकी बैठक घासून सपाट केलेली आहे की ओतकामातून जशी आली तशीच ठेवली आहे हे तपासतो. मग कधीकधी असे लक्षात येते की ज्या रंध्यावर फारसे कुणाला ठाऊक नसलेले नाव आहे तो एका नामांकित कारखान्यातच घडला आहे. कारखान्याने त्यावर आपले नाव घातले नाही, एवढेच.

त्याच्या शेजारच्या राशीत हिंदुस्तान मशीन टूल्सचे 'जनता' हे घड्याळ हमखास सापडते. रंधा आणि घड्याळ यांचे हे शेजारपण योगायोगाचे असले तरी त्यांच्यामागचा प्रश्न एकच आहे. उत्तम हत्यारे घडवणारा कारखाना जेव्हा कमी पैशांच्या गिऱ्हाइकासाठी वस्तू करतो, तेव्हा तो तिच्यातून काय काढून टाकतो आणि काय काढत नाही? आणि जे उरते त्याला नाव कोणते देतो?

या प्रश्नाचा इतिहास पश्चिमेत, विशेषतः अमेरिकेत, चांगला तपासता येतो. न्यू ब्रिटन या गावी १८५७ साली स्थापन झालेल्या स्टॅनले रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९मध्ये लेनर्ड बेली या कल्पक कारागिराचे रंध्याचे हक्क विकत घेतले. बिडाचे अंग, पाते मागेपुढे सरकवणारी पितळी चक्री आणि शिसवीच्याच जातकुळीतल्या लाकडाची मूठ असा तो रंधा होता. पुढची शंभर वर्षे जगभरच्या सुतारांनी रंधा म्हटले की हीच आकृती डोळ्यांसमोर आणली. हा माल स्वस्त नव्हता. कुशल सुतार तो घेई. घरातले फडताळ दुरुस्त करू पाहणारा कारकून तो घेऊ शकत नसे. अशा गिऱ्हाइकासाठी स्टॅनलेने १९२३मध्ये 'फोर स्क्वेअर' या नावाने घरगुती हत्यारांची एक माळ काढली. नंतर १९३०च्या आगेमागे 'डिफायन्स' आले, मंदीच्या दशकात 'व्हिक्टर' आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 'हँडीमन' आले. इतर कारखानेही याच वाटेने गेले. सार्जंट कंपनीच्या उंची रंध्यावर 'व्हेरी बेस्ट मेड' या शब्दांची आद्याक्षरे असत आणि हलक्या रंध्यावर 'हर्क्युलीस' हे नाव. मिलर्स फॉल्सने आपल्या दुय्यम मालाला 'मोहॉक-शेलबर्न' म्हटले. फिलाडेल्फियाचा हेन्री डिस्टन करवतींचा सम्राट. त्याच्या कारखान्यातूनही स्वतःच्या नावाचा ठसा नसलेल्या कमी किमतीच्या करवती बाहेर पडत. सिअर्स या टपालविक्रेत्याने १९२७मध्ये 'क्राफ्ट्समन' हे नाव घेतले आणि त्याखालोखाल 'डनलॅप' ठेवले. या दोन्ही नावांखाली विकला जाणारा पुष्कळ माल वरच्या कारखान्यांतूनच घडून येई.

साहित्याच्या अभ्यासकाने या नावांपाशी थोडे थांबायला हरकत नाही. वस्तूला दिलेले नाव हे तिच्या गिऱ्हाइकाविषयीचे कारखानदाराचे मत असते. 'हर्क्युलीस' या नावात बळाची हमी आहे, नाजूकपणाची नाही. 'हँडीमन' म्हणजे घरातली बारीकसारीक कामे हौसेने करणारा माणूस. धंद्याने सुतार नव्हे, ही त्या नावातली अट आहे. सर्वांत बोलकी कथा मात्र 'व्हिक्टर'ची. लेनर्ड बेली पुढे स्टॅनलेपासून फुटला आणि त्याने 'व्हिक्टर' या नावाने स्वतःचे रंधे काढून आपल्याच जुन्या भागीदाराशी स्पर्धा मांडली. स्टॅनलेने १८८०च्या दशकात तो धंदाच विकत घेतला आणि अर्धशतकानंतर पराभूत प्रतिस्पर्ध्याचे हे 'विजेता' नाव आपल्या स्वस्त मालावर डकवून दिले. नावांच्या इतिहासात असा उपहास क्वचितच इतका पूर्ण होतो.

या रंध्यांतून काढून टाकलेल्या गोष्टी पाहिल्या की कारखान्याचे मन दिसते. शिसवी लाकडाची मूठ गेली आणि साध्या लाकडाला रंग देऊन बसवलेली मूठ आली. निकेलचा मुलामा गेला. पात्याच्या बैठकीवरचे घासकाम कमी झाले. बारीक जुळवणीच्या काही सोयी गेल्या. काही ठिकाणी ओतीव भागांच्या जागी दाबून घडवलेला पत्रा आला. जे राहिले ते मात्र महत्त्वाचे होते. बिडाचे ओतकाम त्याच भट्टीचे होते, आकृती तीच होती, पाते बव्हंशी चांगल्या पोलादाचे होते. संध्याकाळ खर्चून तळ आणि बैठक घासून घेतली तर हा रंधा उंची रंध्याच्या जवळपास काम देतो, हे आजचे जाणकार अनुभवाने सांगतात. कारखान्याने जे श्रम वाचवले ते गिऱ्हाइकाने स्वतः घातले की हिशेब पुष्कळसा पुरा होतो. अर्थात सगळीच दुय्यम हत्यारे अशी नव्हती. उतरत्या काळातल्या काही मालात काटकसरीने पात्यालाही हात घातला होता आणि तेथे कितीही घासून उपयोग नव्हता. जुने ते सर्व चांगले हा भाबडेपणा या विषयात फार लवकर उघडा पडतो.

मात्र या व्यवहारात एक लपवाछपवी होती. आपले नाव उंची मालावरच राहावे आणि त्याची किंमत ढळू नये म्हणून कारखाना स्वस्त मालावर दुसरे नाव घालत असे. गरीब गिऱ्हाइकाला चांगली वस्तू मिळे. ती चांगल्या घरची आहे हे मात्र त्याला सांगितले जात नसे.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात ही अडचण नव्हती, कारण तेथे नावाचीच गरज नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन केले आहे, तीत लोहार आणि सुतार हे गावाला तोंडओळखीने ठाऊक असत. विळा कुणी घडवला हे त्यावर कोरून ठेवावे लागत नसे. तो बिघडला तर कुणाच्या दारात जायचे हे कुणब्याला माहीत होते. वस्तू आणि घडवणारा यांच्यात अंतर पडले की ठसा लागतो. इंग्रजी अमदानीत शेफील्डचे पोलाद आणि शेफील्डची हत्यारे मुंबई बंदरात उतरू लागली, तेव्हा हे अंतर सहा हजार मैलांचे झाले आणि सुतार पात्यावरची अक्षरे पाहून, वाचता येत नसली तरी त्यांचा आकार ओळखून, वस्तू घेऊ लागला. मनगटी आणि खिशातल्या घड्याळांचेही तसेच झाले. मुंबई-कलकत्त्याच्या वेस्ट एंड वॉच कंपनीची 'सोवार' यांसारखी नावे फौजेत आणि रेल्वेत घरोघरची झाली होती. आतले यंत्र स्विस, आणि काही काळ तर लाँजीन्ससारख्या मोठ्या घराण्याचे. तबकडीवरचे नाव मात्र विक्रेत्याचे.

देशी कारखानदाराने या परिस्थितीला दिलेले पहिले ठळक उत्तर मराठी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी (१८६९–१९५६) बेळगावातल्या सायकलींच्या दुकानातून सुरुवात करून १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर केला. विलायती नांगर शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. हा आवाक्यातला होता. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली. औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती या नांगराच्या बळावर. येथे दुसरे नाव नव्हते. स्वस्त नांगरावरही 'किर्लोस्कर' हेच नाव होते आणि पुढे पंप, यंत्रे निघाली त्यांवरही तेच. (मराठी वाचकाला हे नाव नांगराआधी मासिकामुळे आठवते हे खरे. १९२०मध्ये कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेली 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाली आणि एका नांगराच्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला वळण दिले. नांगराच्या फाळातून असे पीक दुसऱ्या कुठल्या भाषेत निघाले असेल, असे वाटत नाही.) याच घराण्याने १९४१ साली म्हैसूर संस्थानातल्या हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा लेथचा कारखाना उभा केला. यंत्रे घडवणारी यंत्रे, म्हणजे यांत्रिक हत्यारे, या प्रदेशात घडू लागली त्याला एक तप होते न होते तोच बंगळुरात सरकारी कारखाना आला.

बंगळूर ही १९४०नंतर घडत गेलेली एक वेगळी नगरी आहे. तेथे विमानांचा कारखाना १९४० साली आला, टेलिफोनचा १९४८ साली, आणि १९५४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. या मालिकेत हिंदुस्तान मशीन टूल्सची स्थापना १९५३मध्ये झाली. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन या कंपनीचे तांत्रिक साहाय्य होते आणि जागा जालहळ्ळीची. 'एच २२' हा तिचा पहिला प्रसिद्ध लेथ. देशातल्या कारखान्यांना यंत्रे पुरवणारा कारखाना असे तिचे स्वरूप होते. म्हणजे ती हत्यारांची नव्हे, हत्यारे घडवणाऱ्या हत्यारांची निर्माती होती. सामान्य माणसाशी तिचा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. लेथ कुणी लग्नात आहेर करत नाही.

तो संबंध जोडला घड्याळाने. जपानच्या सिटिझन कंपनीशी करार होऊन १९६१ साली बंगळुरात घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि किल्लीच्या घड्याळांची पहिली तुकडी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. यंत्रे करणाऱ्या कंपनीने घड्याळे का करावीत, हा प्रश्न तेव्हा आणि नंतरही विचारला गेला. त्याचे एक उत्तर व्यापारी आहे. घड्याळे परदेशातून येत आणि बरीच चोरवाटांनी येत. त्यांत परकीय चलन जाई. दुसरे उत्तर कारागिरीचे आहे आणि ते या लेखाच्या विषयाला अधिक जवळचे आहे. मनगटी घड्याळातल्या चक्राचा दांडा टोकाशी सुमारे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका बारीक असतो आणि त्याची घडण मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. असे भाग हजारोंच्या संख्येने एकसारखे काढायचे तर साचे, ठसे, मापके आणि ती करणारी हत्यारशाळा उत्तम लागते. जो कारखाना स्वतःच यंत्रांची अचूकता विकतो त्यालाच हे धाडस करता येते. सुरुवातीला बरेच भाग जपानहून आले, मग हळूहळू येथेच होऊ लागले.

आता 'जनता' हातात घेऊन पाहावी. तबकडी साधी, बहुधा पांढरी किंवा फिकट रंगाची. अंकांच्या जागी रेघा किंवा साधे आकडे. तारीख नाही, वार नाही, आपोआप किल्ली बसण्याची सोय नाही. पुष्कळ घड्याळांची चौकट क्रोमियमचा मुलामा दिलेल्या साध्या धातूची. बरीच वर्षे वापरले की मनगटाच्या घामाने मुलामा उडून आतले पिवळे पितळ दिसू लागते. पट्टा कोणताही चालतो. काही तबकड्यांवर नाव देवनागरीत. एवढ्यावरून ही स्वस्त वस्तू आहे हे कुणालाही कळते, आणि ते लपवण्याचा प्रयत्नही दिसत नाही.

मागचे झाकण उघडले की चित्र पालटते. आत सतरा माणकांचे यंत्र आहे. ही माणके दागिन्यातली नव्हेत. फिरणाऱ्या दांड्यांची टोके झिजू नयेत म्हणून बसवलेले ते कृत्रिम माणकाचे वाटोळे तुकडे. साध्या, हाताने किल्ली द्यायच्या घड्याळाला जेथे जेथे घर्षण त्रास देते तेथे तेथे माणूक बसवायचे म्हटले तर सतराच लागतात. त्याहून अधिक हा पुष्कळदा जाहिरातीचा भाग असतो. कमी बसवून किंमत उतरवण्याची वाट मोकळी होती, आणि परदेशातल्या पुष्कळ स्वस्त घड्याळांनी ती धरली होती. दांड्याच्या टोकावर धातूची खुंटी ठोकून काम भागवणारी घड्याळे लाखांनी खपली. 'जनता'ने तसे केले नाही. तोलचक्राला धक्क्यापासून वाचवणारी सिटिझनची 'पॅराशॉक' ही योजनाही आत होती; बैलगाडीतून, लोकलच्या दारातून, कारखान्याच्या पाळीतून जाणाऱ्या मनगटाला तिचा अर्थ चांगला कळला असेल. हे यंत्र तासाला अठरा हजार ठोके देते, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. रोज सकाळी दिलेली किल्ली दुसऱ्या सकाळपर्यंत पुरून उरते.

येथेच 'जनता' आणि 'डिफायन्स' यांच्या वाटा वेगळ्या होतात. हिंदुस्तान मशीन टूल्सच्या घड्याळांत नावांची श्रेणी होती. काळ्या तबकडीचे 'पायलट', फौजी वळणाचे 'जवान', थोडे नटलेले 'कोहिनूर', आणि 'तरुण', 'नूतन', 'प्रिया' अशी कितीतरी. पण या किल्लीच्या घड्याळांतल्या अनेकांच्या पोटात तेच सतरा माणकांचे यंत्र होते. 'पायलट' बांधणारा आणि 'जनता' बांधणारा यांच्या मनगटावर एकच यंत्र चालत होते. फरक तबकडीचा, चौकटीचा आणि ऐटीचा. आणि कारखान्याचे नाव दोन्हींवर सारखेच छापलेले होते. स्टॅनलेने आपल्या हलक्या रंध्यातून थोडी घडण काढून घेतली आणि मग नावही काढून घेतले. बंगळूरच्या कारखान्याने 'जनता'मधून शोभा काढली. यंत्राला हात लावला नाही आणि नावाला तर नाहीच. एका सरकारी कारखान्याने हे जाणीवपूर्वक तत्त्व म्हणून केले की एकच यंत्र सगळीकडे बसवणे सोयीचे म्हणून केले, हा वाद घालता येईल. सोय हे कारण मोठे असणार. परंतु सोयीतून निघालेले समानत्व हे कमी खरे असते असे नाही. याच कारखान्याने अंधांसाठी घड्याळ केले, काच उघडून बोटांनी उंचवटे चाचपून वेळ वाचण्याचे. त्या घड्याळाची बाजारपेठ किती असणार हे हिशेबनिसालाही ठाऊक असेल.

'जनता' हा शब्द मात्र हिशेबनिसाचा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत त्याला जे वजन आले ते राजकीय होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० साली सुरू केलेल्या पत्राचे नाव 'जनता' होते. त्या काळी हा शब्द उच्चारणे म्हणजे आजवर ज्यांना मोजले गेले नाही त्यांना मोजणे होते. स्वातंत्र्यानंतर तोच शब्द सरकारी योजनांच्या भाषेत शिरला आणि हळूहळू त्याचा अर्थ उतरू लागला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांची 'जनता एक्सप्रेस' आली, १९७०च्या दशकात 'जनता' कापड आणि 'जनता' साडी आली. साडीच्या बाबतीत बायकांना या शब्दाचा अर्थ नीट कळला होता. जाड सूत, विटणारा रंग आणि रांग. एका पिढीत हा शब्द सन्मानाकडून सवलतीकडे आला. 'जनता' घड्याळ या उतरणीच्या वरच्या टोकाशी उभे आहे. त्याच्या तबकडीवर हा शब्द छापला गेला तेव्हा त्यात दया नव्हती. तुमच्यासाठी म्हणून वेगळे, हलके यंत्र केलेले नाही, एवढे ते घड्याळ म्हणत होते. मात्र ते वाचण्यासाठी झाकण उघडावे लागत होते, आणि झाकण सहसा फक्त घड्याळजी उघडत असे.

या गोष्टीचे गुणगान करताना दुसरी बाजू झाकणे बरे नव्हे. मागणीच्या मानाने घड्याळे कमी निघत. त्यासाठी थांबावे लागे, ओळख लावावी लागे. मॅट्रिक झालेल्या मुलाला किंवा जावयाला घड्याळ द्यायचे तर आधी ते मिळायला हवे होते. सोनेरी, तारीखवार दाखवणाऱ्या 'कांचन'चे स्थान लग्नाच्या याद्यांत पक्के होते आणि त्यापायी वधूपित्याने दिलेल्या चकरांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. स्पर्धक नसल्यामुळे तबकडीचे छपाईकाम, चौकटीची घासाई, काट्यांची जुळवणी यांत जी बेफिकिरी आली ती जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. श्रीनगर, तुमकूर, राणीबाग अशी कारखान्यांची संख्या वाढत गेली. त्याच वेळी जगात स्फटिकावर चालणारे घड्याळ आले होते. त्याला सतरा माणकांची आणि रोजच्या किल्लीची गरज नव्हती. टाटा आणि तामिळनाडू सरकार यांनी १९८४मध्ये उभारलेल्या टायटनने बंगळुरापासून तासाभराच्या अंतरावर, होसूरला, कारखाना काढला आणि १९८७पासून घड्याळ हा दागिना म्हणून विकायला सुरुवात केली. हिंदुस्तान मशीन टूल्सला हा बदल दिसला नव्हता असे नाही. तिनेही स्फटिकाची घड्याळे केली. पण तिची शक्ती किल्लीच्या यंत्रात गुंतली होती आणि तिची दुकाने दुकानांपेक्षा कचेऱ्यांसारखी होती. जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. हरिहरचा लेथचा कारखाना त्याआधीच थांबला होता.

मराठी साहित्याने या सगळ्याची दखल फारशी घेतली नाही, हे नोंदवले पाहिजे. मर्ढेकरांपासून पुढे आपल्या कवितेत यंत्र आले ते माणसाला चिरडणारे म्हणून आले. नारायण सुर्व्यांच्या कवितेत कामगार आला, त्याचा संप आणि त्याची भाकरी आली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. परंतु यंत्र नीट चालते आहे याचे कामगाराला वाटणारे समाधान, सतरावे माणूक बसवताना भिंगाखाली रोखलेला श्वास, हा अनुभव या कवितेच्या वाट्याला क्वचितच आला. घडवणाऱ्याच्या अभिमानाला आपल्याकडे शब्द मिळाले ते संतांच्या काळी, आणि तेही कुंभाराच्या, विणकराच्या, सोनाराच्या हातांना. बंगळूरच्या त्या कारखान्यातल्या हातांना ते मिळाले नाहीत. जालहळ्ळीत २०१९ साली कंपनीने आपल्या वारशाचे संग्रहालय उघडले. तेथे घड्याळे आहेत, ट्रॅक्टर आहेत, जुनी यंत्रे आहेत. ज्यांनी ती केली त्यांच्यापैकी पुष्कळ जण आजही शहराच्या त्याच बाजूला राहतात.

कारखाना बंद झाल्यावर 'जनता'ची कदर वाढली. देशात आणि परदेशात तिचे शौकीन तयार झाले. ज्या घड्याळाची किंमत कमी म्हणून ते घेतले जाई ते आता जुने म्हणून घेतले जाऊ लागले. मागणी आली तसा तिच्यामागोमाग एक नवा धंदा आला. जुन्या, झिजलेल्या यंत्रांवर नव्याने रंगवलेल्या तबकड्या बसवून घड्याळे विकली जाऊ लागली. मूळ कारखान्याने कधी न केलेल्या रंगांत, लाल, हिरव्या, निळ्या, भडक तबकड्या; त्यांवर 'जनता' हे नाव ठळक आणि नवे. आत मात्र तीन घड्याळांचे भाग एकत्र केलेले, एखाद्या माणकाची जागा रिकामी, तोलचक्र दुसऱ्याच घड्याळाचे. स्टॅनलेच्या त्या रंध्यांत नाव दुय्यम होते आणि काम बव्हंशी अस्सल. येथे नाव अस्सल ठेवून काम दुय्यम केलेले आहे. ज्याने रंध्याचा तळ डोळ्यांसमोर धरून पाहायची सवय लावून घेतली आहे तो येथेही फसत नाही. पण नाव पाहून घेणारा फसतो, आणि पूर्वीपेक्षा अधिक पैसे देऊन फसतो.

नाशिकच्या तापडिया कंपनीच्या पक्कडी आणि पाने आज महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत सापडतात. या कारखान्याने साठच्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या बाहको या ख्यातनाम कंपनीचे तंत्र घेऊन काम सुरू केले, हे ती पक्कड वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ते ठाऊक नसल्याने त्यांचे काही अडत नाही. पक्कड धरते की नाही एवढेच ते पाहतात.

बंगळूरच्या जुन्या पेठेत घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्यापुढे 'जनता' ठेवली तर ते तबकडीकडे पाहत नाहीत. घड्याळ पालथे घालतात, झाकणाच्या खाचेत पात्याचे टोक घालतात, झाकण बाजूला ठेवतात आणि डोळ्याला भिंग लावून आधी माणके मोजतात.